शेपटापुरतं जर्मन

तळेगाव स्टेशनातून निवृत्त झालेले हेड पार्सल क्लार्क राजमहंमद अत्तार यांना साठी उलटल्यावर जर्मन भाषा शिकण्याची बुद्धी झाली. सबंध भाषा नव्हे. सबंध भाषा शिकायला माणूस तरुण तरी लागतो नाहीतर रिकामटेकडा तरी, आणि राजमहंमद स्वतःला यांपैकी काहीच समजत नसत. त्यांना हवं होतं ते तिचं फक्त शेपूट.

झालं होतं असं. त्यांचा एकुलता एक मुलगा नसीर काचेचं काम शिकायला जर्मनीत गेला, तो तिकडेच रमला. तिकडेच त्यानं एल्सा नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तिकडेच त्याला मुलगी झाली. नाव तेवढं त्यानं इकडचं ठेवलं, मदिना. राजमहंमदांच्या आईचं नाव. आता युरोपात पुन्हा लढाई पेटणार अशी हवा झाली, तेव्हा नसीरनं कळवलं की आम्ही तिघं बिऱ्हाड गुंडाळून उन्हाळ्यात घरी येतो. जाता जाता हेही लिहिलं की मदिनाला तिची आई लाडानं मदीनशेन म्हणत असे.

"शेन?" शेजारच्या कोंडाजीनं विचारलं. कोंडाजी मूळचा जवळच्याच इंदुरी गावचा. शेरडं-कोंबड्या पाळणं हा त्याचा धंदा आणि सल्ला देणं हा जोडधंदा. "पार्सलबाबू, आमी अडानी मानसं. पन नातीच्या नावात शेन? आमच्यात दगडू ठेवत्यात, धोंडू ठेवत्यात, पन त्याच्या म्होरं कुनी जात न्हाई."

"ते लाडाचं आहे," राजमहंमद म्हणाले.

"मंग आमची समदी गोठ्यातली लयच लाडाची म्हनायची."

राजमहंमदांनी चष्मा काढून पुसला. अपमान झाला की ते बोलत नसत, चष्मा पुसत. पार्सल ऑफिसात त्यांच्या चष्म्याइतका स्वच्छ चष्मा दुसरा नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं की ह्या शेनाचा छडा लावायचा, त्याचा नीट उच्चार शिकायचा आणि गाडीतून उतरणाऱ्या नातीला तिच्याच भाषेत, तिच्याच लाडाच्या नावानं हाक मारायची. परक्या मुलखातून आलेलं पोर आजोबांची दाढी बघून बिचकेल. हाक ओळखीची असली तर येईल कडेवर.

कडेवर, हे इथं नीट लक्षात ठेवावं. बैठकीच्या भिंतीवर नातीचा एक फोटो होता. झालरीची टोपी, गोबरे गाल, मुठीत लाकडी घोडा. वय दीड वर्ष. त्यानंतरही फोटो आले होते. राजमहंमद ते हातात घेत, "छान" म्हणत आणि बायकोच्या पेटीत ठेवायला देत. प्रत्येक नव्या फोटोत पोर त्यांच्या हातून आणखी थोडी निसटलेली दिसे आणि ते त्यांना सोसत नसे. भिंतीवरची मात्र तिथंच थांबली होती, त्यांची वाट बघत. शिवाय जन्मभर पार्सलं हाताळलेला माणूस. वर जे लेबल लावलेलं असेल तेच आत आहे असं धरून चालायची त्यांना सवय होती, आणि ते पार्सल कुठल्या साली निघालं होतं हे विचारायची रीत त्या ऑफिसात नव्हती.

जर्मन जाणणारं माणूस लोणावळ्यात सापडलं. वळवणच्या रस्त्याला मार्टाबाई म्हणून एक स्विस बाई पाहुण्यांसाठी खाणावळ चालवत. त्यांचा नवरा विजेच्या कारखान्याची यंत्रं बसवायला आला होता. तो इथंच वारला आणि बाई इथंच राहिल्या. त्या मराठी शिकल्या त्या दारावर भाजी विकायला येणाऱ्या बायकांकडून, घासाघीस करता करता. त्यामुळे पांढऱ्या केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या, कडक इस्त्रीच्या झग्यातल्या त्या बाईंनी दार उघडून "या की! काय काम काडलं?" असं विचारलं, तेव्हा राजमहंमद क्षणभर मागं वळून पाहू लागले की बोललं कोण.

त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. बाईंची एक ट्रंक मुंबईहून निघून वाटेत कुठंतरी अडकली होती, ती सोडवून द्यायची, या बोलीवर शिकवणी ठरली.

"आइका," मार्टाबाई म्हणाल्या. "हाउस म्हंजी घर. त्याला शेपूट लावलं की हॉयसशेन. म्हंजी काय?"

"घरकुल," राजमहंमद म्हणाले.

"व्हय! ब्रोट म्हंजी भाकर. ब्रोटशेन म्हंजी?"

"चानकी!" राजमहंमद जवळजवळ ओरडलेच. भाकऱ्या थापून झाल्या की परातीत जे चिमूटभर पीठ उरतं त्याची लहान भाकरी, ती चानकी. ती घरातल्या धाकट्या पोराची. राजमहंमदांच्या बायकोनं, जैतुनबींनी, नातीच्या जन्माची खबर आली त्या दिवसापासून तिच्या नावची चानकी करायला कधी चुकवलं नव्हतं. खायला पोर नव्हतं, म्हणून ती कोंडाजीच्या शेळीला जाई. शेळीनं अंग धरलं होतं.

मग बाईंनी बाकीची शेपटं दाखवली. काही जर्मन लोक शेनऐवजी लाइन लावतात, फोगेल म्हणजे पाखरू, त्याचं फ्योगेलाइन. हे ऐकून राजमहंमदांना बरं वाटलं. लाइन हे त्यांच्याच खात्यातलं. हॉलंडचे लोक नुसतं त्ये लावतात. "आनि आमच्या डोंगरात ली. हूसली, ब्रोटली. शेपूट लागलं की मंग ती बी न्हाई, तो बी न्हाई. ते हुतं."

"आमच्यातही तसंच! ते पोर, ते लेकरू, ते तान्हुलं. आणि ली तर आमचीच आहे. सोनुली, छकुली."

"माजा बा मला मार्टली म्हनायचा," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आता तसं म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाई. माजा नवरा सा फूट उंच, दारात डोकं आपटायचं त्याचं. मी त्याला मेनली म्हनायची. म्हंजी मानूस, पन इवलासा."

सहा फुटी माणसाला इवलासा म्हणणं हा राजमहंमदांना शिस्तीचा भंग वाटला. त्यांनी तिकडं दुर्लक्ष केलं आणि उच्चाराला लागले. शेन म्हणताना श पुरता म्हणायचा नसतो, जिभेवरून नुसता वारा सोडायचा असतो. भल्याभल्यांना हे साधत नाही, पण राजमहंमदांचे पुढचे दोन दात मागल्या वर्षी पडले होते आणि वारा आपोआप सुटत होता. "लय ब्येस!" बाई म्हणाल्या. परतीच्या गाडीत राजमहंमद दिसेल त्याला शेपूट लावत सुटले. सिग्नलशेन, मळवलीशेन, गार्डशेन. गार्ड जुना ओळखीचा होता म्हणून बरं.

इथं थांबले असते तर प्रकरण मिटलं असतं. पण नुसती हाक लहान आणि घर मोठं, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी हौशीराम सुताराकडून एक बाजलं करवून घेतलं, फोटोतल्या मापाचं. मग तिला स्टेशनावरून आणायला एक गाडुली. मग एके दिवशी ते बैठकीत जमिनीवर पालथे पडलेले जैतुनबींना दिसले.

"पडला का काय तुम्ही?"

"पडलो नाही. बघतोय. एवढ्या उंचीवरून तिला गाड्या दिसणार नाहीत. खिडकी खाली पाहिजे."

"अहो, पोर आता आठ वर्षांची झाली."

"मला हिशेब येतो, जैतुन," राजमहंमद पडल्या पडल्या म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या परवानगीचा अर्ज घेऊन म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेले.

कचेरीतल्या ओव्हरसियरनं अर्ज दोनदा वाचला. खिडकी म्हटली की ती जमिनीपासून कंबरेएवढी वर हवी, असा नियम होता. त्याच्या खाली भिंतीत जे भोक असेल ती मोरी.

"मोरीतून गाड्या कशा बघणार?"

"ते अर्जदारानं बघावं."

राजमहंमदांनी जन्मभर नियमानं नोकरी केली होती. त्यांनी मोरीसाठी अर्ज केला. मोरी म्हटल्यावर आरोग्य खात्याचा माणूस आला आणि पाणी कुठं जाणार ते विचारू लागला. पाणी नाहीच म्हटल्यावर तो म्हणाला, मग मोरी कशाला? भिंतीपलीकडं रेल्वेची हद्द, म्हणून कागद रेल्वेकडे गेला, आणि तिथून नोटीस आली की अत्तार नावाच्या कोणा इसमानं रेल्वेच्या जागेत सांडपाणी सोडू नये. कोणा इसमानं! ज्या ऑफिसच्या खुर्चीवर त्यांच्या बसण्यानं खळगा पडला होता, त्याच ऑफिसातून! राजमहंमदांनी चष्मा इतका पुसला की काच सैल झाली.

तोड कोंडाजीनं काढली. "पार्सलबाबू, खुराड्याच्या दाराला परवानगी लागत न्हाई. माज्या खुराड्याला कुनी इचारलंय का?"

ओव्हरसियरला हे पटलं. मात्र खुराडं म्हटलं की आत कोंबड्या दिसल्या पाहिजेत. तेव्हा कोंडाजीच्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा बैठकीत राहायला आले, आणि राजमहंमद अत्तार, निवृत्त हेड पार्सल क्लार्क, कायद्यानं खुराड्यात राहू लागले. भिंत फोडली त्याच दिवशी नव्या खिडकीतून पहिली आत आली ती कोंडाजीची शेळी. तिला चानकीची सवय होती आणि आता दारापर्यंत चालत येण्याचं कारण उरलं नव्हतं. चानकी खाऊन झाल्यावर तिनं उच्चाराचा सराव लिहिलेला कागदही खाल्ला.

एवढ्यात पोलीस ठाण्यातून हवालदार आला. लढाईची हवा असताना तळेगावातला एक पेन्शनर दर आठवड्याला लोणावळ्यास जाऊन जर्मन शिकतो, ही खबर वरपर्यंत गेली होती. हवालदार कोंबडं हाकलून बाजल्यावर बसला, बाजलं करकरलं.

"कुणाशी बोलणार जर्मन?"

"नातीशी."

"वय?"

"दीड वर्ष," राजमहंमद म्हणाले.

आतून जैतुनबींनी भाकरीचा हात तसाच घेऊन डोकं बाहेर काढलं. "आठ, आठ! आठ लिवा हवालदारसाहेब."

हवालदारानं एकदा नवऱ्याकडं, एकदा बायकोकडं आणि एकदा कोंबडीकडं पाहिलं. हेरगिरी करणारा माणूस इतका वेंधळा नसतो असं त्याला वाटलं असावं. तो चहा पिऊन गेला. राजमहंमद मात्र बराच वेळ तसेच उभे होते. आठ वर्षं. तिचं पहिलं पाऊल, पहिला दात, पहिला शब्द, सगळं कुणीतरी दुसऱ्यांनी पाहिलं होतं. त्यांना ते हवं होतं. कुठल्याही अर्जानं मिळणार नाही हे ठाऊक असूनही हवं होतं.

गाडी आली त्या सकाळी ते इस्त्रीचा कोट घालून, गाडुलीची दोरी धरून प्लॅटफॉर्मवर उभे राहिले. शेजारी जैतुनबी, मागं कोंडाजी. माणसं उतरू लागली तशी राजमहंमदांची नजर जमिनीपासून दोन फुटांवर फिरू लागली. धोतरं गेली, लुगडी गेली, एक बोचकं गेलं. तेवढ्यात त्यांच्या समोर दोन लांब वेण्यांची, सडसडीत, उंच मुलगी येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिची स्वतःची पेटी होती.

"सलाम, आबा," ती म्हणाली.

"बाजूला हो बाळा," राजमहंमद तिच्या कोपराखालून बघत म्हणाले. "आमची नात उतरायचीय."

मुलगी निमूटपणे बाजूला झाली. मागून नसीर उतरला, त्याचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. तो म्हणाला, "आबा, हीच."

राजमहंमदांनी तोंड उघडलं. महिनोन्‌महिने घोटलेली हाक ओठांवर होती. दातांच्या फटीतून नुसता वारा सुटला. जैतुनबींनी मात्र पुढं होऊन पोरीला छातीशी धरलं, सुनेच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि रडायला सुरुवात केली, म्हणून ती वेळ निभावली. गाडुलीत एल्साची टोप्यांची पेटी ठेवली आणि मंडळी घरी आली.

घरी जे व्हायचं तेच झालं. बाजल्यावर मदिना निजली तर पाय पोटऱ्यांपासून बाहेर. नवी खिडकी तिच्या गुडघ्यांना लागली. पोर शहाणी, बापानं शिकवलेल्या मराठीत "फार छान आहे" म्हणाली, आणि ते राजमहंमदांना सगळ्यात जास्त झोंबलं. संध्याकाळी धीर करून त्यांनी हाक मारली, "मदीनशेन." उच्चार असा उतरला की स्वयंपाकघरातून एल्सा चकित होऊन बाहेर आली.

मदिना लाजली. "आबा, ते मी लहान होते तेव्हाचं. आता मला मदिना म्हणा ना."

"बरं," राजमहंमद म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्यानंतर त्यांनी हाक मारलीच नाही. पोर आजीच्या मागं मागं असे, कोंडाजीच्या शेळीशी बोले, कोंबड्यांना जर्मनमधून रागावे. आजोबांशी ती अदबीनं वागे, पाहुण्यांशी वागतात तशी. राजमहंमद त्या खालच्या खिडकीपाशी बसून राहत. त्यांचे गुडघे खुर्चीत दुखत, म्हणून ते बाजल्यावर टेकत. ते त्यांना बरोबर पुरे. गेल्या काही वर्षांत ते बरेच आटले होते. कोटाच्या बाह्या बोटांवर येत. खिडकीही त्यांना डोळ्यांसमोर येई. गाड्या जात-येत, ते बघत.

"पार्सलबाबू, भोक बुजवायचं का आता?" कोंडाजीनं एकदा विचारलं. "पोरगी मोटी हाय. माज्या कोंबड्या बी मला परत लागत्यात."

"बुजवू," राजमहंमद म्हणाले.

आठवडाभरानं, दुपारची लोकल यायच्या सुमारास, मदिना मागून आली. गालाला पीठ लागलेलं. तिच्या हातात एक वाटी होती आणि वाटीत दुधात भिजवलेली एक वेडीवाकडी चानकी.

"हे काय?"

"मी केली. आजीनं शिकवलं. शेवटच्या पिठाची. आजी म्हणाली, ही घरातल्या सगळ्यांत लहान माणसाची."

"मग तू खा."

"मी तीन भाकऱ्या खाल्ल्या," मदिना म्हणाली आणि वाटी त्यांच्या हातात ठेवली. "दुधात घातली आहे. तुम्हाला पुढचे दात नाहीत."

राजमहंमदांनी वाटीकडं पाहिलं. आणि जे आजवर कुणाला, अगदी जैतुनबींनाही सांगितलं नव्हतं, ते ते बोलून गेले. "मला तुला लहान असताना बघायचं होतं, मदिना. कडेवर घ्यायचं होतं. राहूनच गेलं ते."

"बाबा मला तुमच्या गोष्टी सांगायचे," ती म्हणाली. "आगगाडी तुम्ही म्हणाल तेव्हा सुटते, असं सांगायचे. मला वाटायचं, माझे आबा इंजिनाएवढे असणार."

"आणि?"

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाजल्यात मावलेले, गुडघे जवळ घेतलेले, कोटाच्या बाह्यांत हरवलेले. मग तिला हसू आवरेना. तिनं त्यांच्या कपाळावरची टोपी नीट केली, जशी कुणी लहान मुलाची करतं, आणि म्हणाली, "खा आता, आबाशेन. गार होईल."

राजमहंमदांनी खाल्ली. चानकी कडेला कच्ची होती आणि मीठ पडायचं राहिलं होतं. आतून जैतुनबी ओरडून विचारत होत्या की कशी झालीय, आणि ते बोटानं वाटी पुसून घेत होते.

दुरून गाडीची शिटी ऐकू आली. मदिनानं खिडकीतून बघायला मान वाकवली, ते जमेना. मग गुडघ्यांवर बसली, तेही जमेना. शेवटी आपला नवा झगा, वेण्या, सगळं विसरून ती आजोबांच्या पायांशी जमिनीवर सपशेल पालथी पडली आणि हनुवटी हातांवर टेकवली. एक कोंबडी तिच्या पाठीवर चढली. राजमहंमदांनी तिला उडवलं नाही. गाडी आली, घर हादरलं, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत ते दोघं बघत राहिले.

मग त्यांनी हाक मारून कोंडाजीला सांगितलं की भोक बुजवायचं नाही, आणि कोंबड्याही मिळणार नाहीत.